चपलेतला कागद

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका कागदावर 'गॉगल' असं लिहिलं, चार घड्या घातल्या आणि उजव्या पायाच्या चपलेत घालून दिवसभर तुडवला. दूध आणायला गेले तेव्हा तुडवला, जिना चढताना तुडवला, शेजारणीशी बोलत उभी होते तेव्हा टाच जरा जास्तच दाबली. ती म्हणाली, "आज फार खुशीत दिसताय." म्हटलं, "हो, नवीन व्यायाम सुरू केलाय."

गॉगल म्हणजे माझ्या नातीचा जुना साहेब. घरात असो, बाहेर असो, दिव्याखाली असो, काळा चष्मा काढत नाही. पहिल्यांदा भेटला तेव्हा मी विचारलंही होतं, डोळे आलेत का. जाहिरातींच्या एका मोठ्या कंपनीचा तो मालक. माझी नात तिथे अकरा वर्षं राबली. तिला मी भिंगरी म्हणते, लहानपणी एका जागी बसली तर शपथ. तिच्या कार्डावर 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' असं छापलंय. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करतेस गं? म्हणाली, "आजी, बाकीच्यांना सुचत नाही तेव्हा मला सुचावं लागतं." म्हटलं, मला तर दिवसभर सुचत असतं, पण मला कोणी खुर्ची देत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी भिंगरीनं एका बुटांच्या कंपनीची जाहिरात केली. चौकाचौकात मोठाले फलक. फलकावर एकच झिजलेला बूट आणि खाली ओळ: जुना होत नाही. ओळखीचा होतो. लोक थांबून वाचायचे. त्या वर्षीचं मोठं बक्षीस त्या ओळीला मिळालं. बक्षीस घ्यायला मंचावर कोण गेलं? गॉगल. वर माइकवर सांगतो काय, तर ही ओळ त्याला गाडीत, सिग्नलला थांबलेला असताना सुचली. भिंगरी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पुढच्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली.

आता तिनं आणि चित्रकारानं मिळून स्वतःचं छोटं ऑफिस काढलंय. चित्रकार म्हणजे तिच्याबरोबर काम करणारा, चाळिशीचा, पोटदुखीवाला, चांगला माणूस. दोन खोल्या आहेत, खाली चष्म्याचं दुकान. दुकानाच्या दाराशी गॉगल लावलेला पुतळा उभा असतो. मी येता-जाता त्याच्याकडे रागानं बघते. त्याची काही चूक नाही, पण बघते.

आज त्या ऑफिसात गॉगलच्या वकिलाची नोटीस आली. भिंगरीनं इंटरनेटवर लिहिलंय ना, की बुटांची जाहिरात आमची, ते पंधरा दिवसांत काढा आणि लेखी माफी मागा, नाहीतर कोर्टात या. आणि मुहूर्त कसा साधला बघा. त्याच बुटांच्या कंपनीला आता नवी जाहिरात करून हवी आहे. मालकीणबाईंनी १९ तारखेला भिंगरीलाही बोलावलंय आणि गॉगललाही. हे काम मिळालं तर भिंगरीचं ऑफिस उभं राहील. नाही मिळालं आणि वर चोर ठरली, तर महिनाअखेर कुलूप.

चोर ती! म्हणून कागद चपलेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहिलं नाही, डोळ्यांत थेंब घातले होते.

माझ्या लिहिण्याबद्दल चित्रकारानं आज विचारलं. मी त्यांच्या ऑफिसात मटार सोलत बसले होते. घरी एकटीला करमत नाही आणि तिथल्या खुर्च्या गोल फिरतात. म्हणाला, "आजी, तुम्ही रोज लिहिता? खरंच?" म्हटलं, का, तुला काय वाटलं, लिहायला गॉगल लागतो?

शाळेत मी दोन वर्षं गेले, तीही धाकट्या भावाला सोडायला. पुढे बाविसाव्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यात लागले, काजं-बटणं करायला, आणि तीस वर्षं उजव्या पायानं मशीन दाबलं. अक्षरं मला भिंगरीनं शिकवली. ती तेव्हा आठ वर्षांची, दुसऱ्या इयत्तेतून तिसरीत गेलेली. माझी लेक, म्हणजे भिंगरीची आई, नोकरीपायी दुसऱ्या गावी असायची, त्यामुळे पोर माझ्याजवळच. तिनं फूटपट्टी घेऊन मला बसवलं. "आजी, रोज पाच ओळी. वर तारीख, खाली सही. चुकलीस तर दहा वेळा." आणि खरंच दहा वेळा लिहून घ्यायची हो! मी हात जोडले तरी सोडायची नाही. तेव्हापासून सव्वीस वर्षं झाली, वह्यांनी ट्रंक भरली. प्रत्येक वहीला कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कापडाचं कव्हर आणि बंद करायला एक बटण. दोन बटणं सारखी नाहीत.

हे सगळं मी चित्रकाराला सांगत होते तेव्हा भिंगरी नेहमीसारखी समोर येऊन बसली. मी बोलायला लागले की ती हातातलं काम टाकून बसते, एवढी माया. फोन माझ्या पुढ्यात ठेवते. त्यावर एक लाल ठिपका लागतो. मागे एकदा मी विचारलं होतं हा ठिपका कसला, तर म्हणाली बॅटरी.

तिच्या धंद्याबद्दल आज बरंच बोलली. म्हणाली, "आमच्याकडे ओळीखाली नाव नसतं गं आजी. कथेखाली असतं, चित्राखाली असतं, जाहिरातीखाली फक्त कंपनीचं असतं. म्हणून सगळे एकमेकांचं उचलतात. कोणी माणसाचं उचलतं, आता तर सगळे यंत्राला विचारतात आणि यंत्र सगळ्यांचं उचलतं. ज्याच्या तोंडी शेवटी ऐकली, त्याची ओळ."

म्हटलं, मग त्याचं तोंड शिवायला हवं. काज मी करते.

चित्रकार एवढा हसला की पोट धरून बसला. भिंगरी हसली नाही. काळजीत आहे पोर.

८ फेब्रुवारी, रविवार

आज पेपरात गॉगलची मुलाखत आली. अर्धं पान फोटो. मी भिंगाखाली धरून वाचली. म्हणतो, "मी रस्त्यावरच्या साध्या माणसांचं ऐकतो. माझ्या सगळ्या ओळी तिथूनच येतात." हा रस्त्यावर कधी चालला? आमच्या घरी आला होता तेव्हा गाडी थेट जिन्यापर्यंत आणली होती. पुढे जागा असती तर वरही आणली असती.

तो आला होता ते मी विसरलेले नाही. चार वर्षं झाली. माझ्या हातचं जेवला, तीनदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा तर मी माझ्या ताटातलं दिलं. जाताना म्हणाला, "आजी, तुमची भिंगरी म्हणजे माझी लेकच." मी विरघळले, डोळ्याला पदर लावला. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ते जेवण मला परत हवंय. कसं परत घ्यायचं याचा विचार करत दुपार गेली.

मुलाखतीचं पान फाडून त्यावर मटारच्या साली टाकल्या. फोटोवर बरोबर चष्म्याच्या जागी. भिंगरी म्हणाली, "आजी, तू किती सूड उगवशील?" म्हटलं, सूड कुठे, हा तर नाश्ता आहे.

भिंगरीच्या नव्या जाहिराती टीव्हीवर लागतात, त्याचं मला भारी सुख. गादीची लागली आज. त्यात एक म्हातारी गादीवर बसते आणि म्हणते, "पाठ टेकली की मग जगाला माझी गरज नाही." अगदी माझ्यासारखं बोलते! मीही रोज दुपारी हेच म्हणते. आणि कुलपाची जाहिरात: "कुलूप चोरासाठी नसतं. चोर येणारच. कुलूप शेजारणीसाठी असतं." हे तर मी मागे जिन्यातल्या भांडणात शेजारणीला ऐकवलं होतं, शब्दाला शब्द. रक्त एक असलं की असं होतं बघा. एकाच वेळी दोघींना सुचतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कागद झिजून फाटला. नवा घातला. या वेळी जाड पुठ्ठ्यावर लिहिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मला सापडलं! गॉगल संपला!

झालं असं. भिंगरी सकाळी चित्रकाराशी फोनवर बोलत होती. "पुरावा नाही रे. सगळं त्याच्याच कॉम्प्युटरवर राहिलं. माझ्याकडे एक चिठ्ठी नाही." मी भांडी पुसत होते आणि एकदम डोक्यात दिवा लागला. भांडं तसंच हातात घेऊन बाहेर आले.

म्हटलं, "अगं, ती ओळ वहीत आहे!"

"कुठल्या वहीत?"

"माझ्या! आठवत नाही? तू म्हणालीस आजी ही चप्पल टाकून दे, किती जुनी झाली. मी म्हटलं, चप्पल जुनी होत नाही गं, ओळखीची होते. तू किती हसलीस. त्याच दिवशी मी लिहून ठेवलं, वर तारीख, खाली सही. तुझे फलक लागायच्या आधीचं आहे. त्या गॉगलला सिग्नल लागायच्या आधीचं!"

मला वाटलं नाचेल. ती मटकन खुर्चीवर बसली. तोंड पांढरंफटक. म्हणजे आनंदानं पाणीसुद्धा प्यायचं सुचेना तिला.

थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, त्या वह्यांत तू अजून काय काय लिहिलंयस?"

म्हटलं, "सगळं. सव्वीस वर्षांचं. मी जे बोलते ते सगळं."

मी लगेच ट्रंक ओढून वही काढली. पोपटी कव्हर, तपकिरी बटण. पान सापडलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलं होतं. भिंगरी म्हणाली, "ठेव आत. जपून ठेव." आणि आंघोळीला गेली. नळ फार वेळ वाहत होता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वही गेली.

सकाळी चित्रकाराला दाखवायला म्हणून ट्रंक उघडली तर पोपटी वही नाही. सगळ्या बाहेर काढल्या. निळी आहे, फुलाफुलाची आहे, मधलीच नाही. पुन्हा एकदा सगळ्या झटकून बघितल्या. नंतर मात्र राग असा चढला की गुडघे दुखायचे थांबले.

हे गॉगलचं काम. दुसऱ्या कोणाचं असणार? काल पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला माणूस आला होता. चांगला गोड बोलत होता, आजी आजी करत होता. गोड बोलणारे मला आता ओळखू येतात. मी फिल्टरच्या कंपनीला फोन करून म्हटलं, तुमच्या माणसाला किती दिले त्या गॉगलनं? पलीकडची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा तक्रार क्रमांक सांगा."

भिंगरी म्हणाली, "आजी, त्या बिचाऱ्यानं नाही गं घेतली."

"मग कोणी?"

"सापडेल. नको त्रास करून घेऊ."

"त्रास मी करून घेणार नाही. देणार आहे. ज्यानं माझी वही उचलली त्याला मी सोडणार नाही, तो कोणी असो. लिहून ठेव."

ती आत निघून गेली. मीच लिहून ठेवते. सोडणार नाही. सही.

ट्रंकेला नवीन कुलूप घातलं. दुकानात मागितलं तर त्यानं भिंगरीच्या जाहिरातीतलंच दिलं. शेजारणीला दाखवून आणलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरीनं मला नव्या चपला आणल्या. मऊ, महागाच्या, डब्यात कागद घालून. घालून बघितल्या, दोन पावलं चालले, कोणा पाहुणीच्या घातल्यासारखं वाटलं. म्हटलं, कशाला गं? म्हणाली, "असंच." मी जुन्याच घातल्या. पुठ्ठाही तिथेच आहे ना.

जेवताना म्हणाली, "आजी, समज तुझं काही कोणी घेतलं. तुला कळलंच नाही. तुझं काही कमीही झालं नाही. तरी राग येईल?"

म्हटलं, "कळलं नाही तर राग कसा येईल? बावळट. कळल्यावर येईल."

"आणि घेणारा तुझ्या मायेचा असला तर?"

"मग जास्त येईल. परक्यानं चिमटा काढला तर आपण ओरडतो. आपल्या माणसानं काढला तर आधी बघत राहतो, हा खरंच आपल्याला चिमटा काढतोय का. ते बघत राहणं फार वाईट."

तिनं ताट बाजूला सारलं. कारखान्यात माझी एक मैत्रीण होती, काळजीत असली की असंच अर्ध्यावर उठायची. तिला मग मी जबरदस्तीनं भरवायचे. भिंगरीला भरवायला गेले तर रडायला लागली. चौतीस वर्षांची बाई! १९ तारीख जवळ आली, दुसरं काय. त्या गॉगलला मी याबद्दलही वेगळं बघणार आहे.

एक गंमत. मी बोलत होते तेव्हा फोन पुढ्यात नव्हता. आतल्या खोलीत ठेवून आली होती. आज बॅटरी भरलेली असेल.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात भिंगरीचं आणि चित्रकाराचं भांडण झालं. काचेचं दार बंद होतं, पण मला ऐकू येतं, लोकांना वाटतं येत नाही. चित्रकार म्हणत होता, "दाखवलीस तर त्याचं जाईल, पण तुझंही जाईल. तुझ्या सगळ्या कामावर लोक संशय घेतील." भिंगरी म्हणाली, "मग जाऊ दे." कुठलंतरी चित्र दाखवायचं की नाही यावर एवढी जुंपली होती. मी दार उघडून म्हटलं, "अरे, चांगलं असेल तर दाखवा." दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

उद्या मी जाणार आहे. वही नसली तरी मी आहे. मी तोंडानं सांगेन. भिंगरी नको म्हणेल वाटलं होतं, तर म्हणाली, "हो आजी, चल. तू यायलाच हवीस."

इस्त्री केलेलं पातळ काढून ठेवलं. जुनीच चप्पल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रात्र बरीच झाली, पण आजचं आजच लिहायचं.

बुटांच्या कंपनीचं ऑफिस म्हणजे लांबलचक टेबल, आणि भिंतीला काचेत बुटांचे लाकडी साचे. बूटवाल्या बाई माझ्याच वयाच्या, जाड भिंगांचा चष्मा, साधी साडी, नखांखाली काळं. म्हणजे अजून हातानं काम करतात. मला पाहताच आवडल्या. गॉगल समोर बसला होता. बाजूला वकील. मला बघून उभा राहिला, "अरे, आजी! तुमच्या हातची चव अजून जिभेवर आहे."

म्हटलं, "मग गिळून टाका. परत मिळायची नाही."

बाई गालात हसल्या. मग म्हणाल्या, "नवं काम नंतर बघू. आधी हे मिटवा. ही ओळ माझ्या बुटांखाली गेली, तेव्हा ती कोणाची हे मला कळलं पाहिजे. खोटं बोलणाऱ्याबरोबर मी काम करत नाही."

गॉगल सुरू झाला. सिग्नल, गाडी, पाऊस नुकताच थांबलेला, समोरून एक म्हातारा जाताना दिसला, त्याचे बूट झिजलेले. सिग्नलची गोष्ट आता म्हातारा घालून आणखी छान झाली होती. वकील मान डोलावत होता. मला वाटलं आता मीच बोलावं, म्हणून खुर्ची सरकवली, तेवढ्यात तिनं तिची पर्स उघडली.

आतून पोपटी वही काढली. तपकिरी बटण.

मी ओरडणारच होते, सापडली! पण ओरडले नाही. कारण ती कुठून निघाली ते मी बघत होते. पाच दिवस मी फिल्टरवाल्याला शिव्या देत होते आणि वही माझ्या शेजारच्या खोलीत, त्या पर्समध्ये होती.

भिंगरीनं पान उघडून वाचलं. तारीख वाचली. सगळं वाचलं, शेवटच्या ओळीसकट, जी मी त्या दिवशी घरी दोनदा वाचूनही माझ्या ध्यानात आली नव्हती: "भिंगरी हसली आणि लगेच फोनमध्ये लिहून घेतलं." मग वही बाईंपुढे सरकवून म्हणाली, "ही ओळ ह्यांची नाही. माझीही नाही. माझ्या आजीची आहे."

गॉगलला काय आनंद झाला! टेबलावर हात आपटला. "म्हणजे तूही उचललीसच की! बघा बाई. आणि मला चोर म्हणते. विचारा तिला, गादीची ओळ कोणाची? कुलपाची कोणाची?"

तेव्हा मला लाल ठिपका आठवला. गादीवरची म्हातारी आठवली. रक्त एक असलं की दोघींना एकदम सुचतं, असं मी इथे याच वहीत लिहिलंय. मागची पानं उलटून बघायची हिंमत नाही.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "आजी, मी एकच विचारते. नातीनं ही ओळ तुम्हाला विचारून घेतली होती?"

भिंगरी माझ्याकडे बघत नव्हती. तिची मान खाली होती, आठ वर्षांची असताना काचेची बरणी फुटली तेव्हा होती तश्शी.

मी म्हटलं, "हो. विचारून."

गॉगल म्हणाला, "कधी? वहीत का नाही लिहिलंत?"

म्हटलं, "वहीत सगळं येत नाही. तुम्ही तीनदा वाढून घेतलंत तेही त्या दिवशी मी लिहिलं नव्हतं, लाजेखातर." आणि वाकून मी उजव्या पायातली चप्पल काढली आणि त्या चकचकीत टेबलावर ठेवली. वकील मागे सरकला. म्हटलं, "साहेब, तुमची ओळ ना? मग सांगा. चप्पल ओळखीची होते म्हणजे आधी कुठे होते?"

तो बघत राहिला. म्हणाला, "हा काय प्रकार आहे?"

"तुम्हाला सुचली ना ओळ? सांगा. टाचेला? चवड्याला?"

तो वकिलाकडे बघायला लागला. बूटवाल्या बाई उठल्या, चप्पल सरळ हातात घेतली, नाक न मुरडता, उलटी केली, बोट फिरवलं. "अंगठ्याखाली," म्हणाल्या. "उजव्या पायाचा जोर जास्त. तुम्ही पायानं मशीन चालवायच्या."

म्हटलं, "तीस वर्षं. काजं-बटणं."

आणि तेवढ्यात चपलेतून पुठ्ठा पडला. घडी उघडी पडली. बाईंनी तो उचलून वाचला, 'गॉगल'. पुठ्ठ्याकडे बघितलं, समोर बघितलं. म्हणाल्या, "हे काय?"

म्हटलं, "मऊ वाटतं पायाला."

त्या बाई कशा हसल्या! खुर्चीत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चित्रकारही हसला, पोट धरून. वकील खाली बघत होता, पण खांदे हलत होते. गॉगलनं काळा चष्मा काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळे दिसले. बारीक, लालसर, साधे, कोणाचेही असावेत तसे. मला वाटलं आता दया येईल. वाट बघितली. नाही आली.

बाई म्हणाल्या, "नोटीस आज मागे घ्या. सिग्नलची गोष्ट ज्या मंचावर सांगितलीत तिथे दुरुस्त करा. तोपर्यंत माझ्या जिन्यावर दिसू नका." तो उठला तेव्हा दाराला अडखळला. माझं जेवण मला परत मिळालं, तीनही वेळचं.

नवं काम भिंगरीला. एक अट. ओळ जिच्या तोंडची, तिचं नाव ओळीखाली. बाई म्हणाल्या, "जाहिरातीत नाव नसतं हे मला माहीत आहे. माझ्या जाहिरातीत असेल."

चित्रकारानं गाडीत विचारलं, "आजी, आनंद झाला ना?" म्हटलं, झाला. झालाच आहे.

पण तिथे मी खोटं बोलले. इथे बोलणार नाही. तिनं मला विचारलं नव्हतं. सही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

१४ तारखेला मी लिहून ठेवलंय, सोडणार नाही, तो कोणी असो. सही आहे खाली.

सकाळी पुठ्ठ्यावर 'भिंगरी' लिहिलं. चार घड्या घातल्या, चपलेत घातला. दारापर्यंत गेले. पाय उचलला की टोचतोय, ठेवला की टोचतोय. गॉगल पंधरा दिवस तुडवला, एकदा टोचला नाही. स्वयंपाकघरापर्यंत कशीबशी गेले आणि काढून टाकला. नाव पुसून पुठ्ठा डब्याखाली घातला, डबा डगमगत होता.

पण म्हणजे सोडलं असं नाही.

दुपारी तिला टेबलाशी बसवलं. नवी वही दिली, पेन दिलं. म्हटलं, लिही, 'आजीला विचारल्याशिवाय काही घेणार नाही.' वर तारीख, खाली सही.

"किती वेळा?"

"तू मला दहा वेळा लिहायला लावायचीस. तुझं पन्नास वेळा."

"आजी, मी क्रिएटिव्ह डायरेक्टर आहे."

"म्हणून पन्नास. नाहीतर वीसमध्ये भागवलं असतं."

ती लिहायला बसली. मी समोर फूटपट्टी घेऊन बसले, खरंच. सतराव्या वेळी म्हणाली हात दुखतोय. म्हटलं, माझा पाय तीस वर्षं दुखला. तिसाव्या वेळी म्हणाली, "तू तिथे खोटं का बोललीस?" मी म्हटलं, अक्षर नीट काढ. एकतिसाव्या वेळी पेन ठेवलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मी वही तिच्या तोंडाखालून ओढून बाजूला केली, शाई पसरली असती. रडून झाल्यावर परत पुढे सरकवली. एकोणीस बाकी होत्या.

पन्नासावी लिहून सही केली. मी मोजल्या. एक कमी होती. लिहायला लावली.

मग मी भाजी निवडायला घेतली आणि सवयीनं बोलायला लागले. पहिल्यांदा मशीनवर बसले त्या दिवसाचं काहीतरी, शेजारी कोण होतं वगैरे. बोलता बोलता बघते तर भिंगरी ताठ बसलेली, डोळे चमकायला लागलेले. ते डोळे मी ओळखते. तिला काहीतरी सुचत होतं. हात खिशाकडे गेला, थांबला.

म्हणाली, "आजी, हे मी रेकॉर्ड करू?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मला इतकं गोड वाटलं की काय सांगू.

म्हटलं, "नको."

तिनं फोन उचलून आतल्या खोलीत ठेवला, दार लावून घेतलं, आणि हात रिकामे घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मग मी बोलले, तासभर. तिनं नुसतं ऐकलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ही वही आता ती वाचते.